अंबरनाथ पश्चिमेचें एक मैदान

अंबरनाथ स्टेशनावर उतरणारा प्रवासी बहुधा पूर्वेस वळतो. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवालय तिकडे वालधुनीच्या कांठीं आहे. तें पाहून झालें, कीं परतीची गाडी धरावयाची, एवढाच अंबरनाथचा परिचय पुष्कळांस पुरतो. पश्चिमेस मुद्दाम कोणी येत नाहीं. येथें ऑर्डनन्स फॅक्टरी व तिची वसाहत आहे, एके काळीं घरोघर आगपेट्या पुरविणारा, परंतु आतां बंद पडलेला विमको कारखाना आहे, आणि दूरवर मलंगगड. परंतु आम्हां रहिवाशांस विचाराल, तर आमचें प्रेक्षणीय स्थळ म्हणजे एका शाळेमागील सिमेंटचें अंगण व त्याच्या दोन टोकांस उभे असलेले दोन लोखंडी खांब.

बास्केटबॉल हा खेळच मुळीं आडोशाच्या अपुऱ्या जागेंत जन्मला. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें कडक हिंवाळ्यामुळें विद्यार्थ्यांस बाहेर खेळतां येईना, तेव्हां जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जास फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यांत अठरा जण खेळले व चेंडू एकदांच टोपलींत पडला! आमच्याकडे बर्फ नाहीं. पण चार महिने पाऊस आहे, आणि उरलेले आठ महिने मोकळ्या जागेवर कोणाची ना कोणाची दृष्टि आहे. क्रिकेटचें मैदान आतां आणावयाचें कोठून? टोपलीचा खेळ मात्र अंगणांत मावतो.

या खेळांतील शेवटचे क्षण म्हणजे काय, हें १९७२ सालीं म्यूनिक ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत जगानें पाहिलें. अमेरिका एका गुणानें पुढें असतां अखेरचे तीन सेकंद तीनदां खेळविले गेले. तिसऱ्या खेपेस सोव्हिएट संघाच्या बेलोव्हनें चेंडू टोपलींत घातला आणि निकाल ५१-५० असा फिरला. अमेरिकन खेळाडूंनीं रौप्यपदकें स्वीकारलींच नाहींत. आमचे थोरले काका हा प्रसंग दर दिवाळींत सांगतात आणि दर वेळीं पंचांस नव्यानें दोष देतात.

आमच्या डोळ्यांदेखत असा सामना झाला तो ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं. अमेरिकेंतील एन. बी. ए. चे दोन संघ, इंडियाना पेसर्स व सॅक्रमेंटो किंग्ज, त्या सायंकाळीं वरळीस खेळले. त्या संस्थेचा भारतांतील हा पहिलाच सामना. क्रीडागृह शाळकरी मुलांसाठीं राखलेलें, म्हणून आम्ही घरींच टेलिव्हिजनपुढें बसलों. घरांत नवरात्र होतें. आरतीची वेळ टळत चालली, आणि नेमका सामना बरोबरींत येऊन जादा वेळांत गेला. आजींनीं दोनदां हांक मारली. तिसऱ्यांदां त्या स्वतःच येऊन दारांत उभ्या राहिल्या, आणि पेसर्स १३२, किंग्ज १३१ हे आंकडे कायम होईपर्यंत तेथून हलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशींच्या सामन्याचीं तिकिटें चुलतबंधूंनीं मोठ्या खटपटीनें मिळविलीं होतीं. अंबरनाथहून दादर, दादरहून महालक्ष्मी, तेथून पायीं, असे आम्ही पांच जण पोंचलों. आणि निकाल लागला १३०-१०६! पैसे मोजून पाहिलेला सामना एकतर्फी निघाला, फुकटचा मात्र छाती धडधडवून गेला.

किंग्ज संघ २०१३ सालीं विकत घेणारे विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. त्यांची त्यापूर्वीची एक गोष्ट आम्हांस अधिक प्रिय आहे. स्वतः हा खेळ कधीं खेळलेले नसतां त्यांनीं आपल्या मुलीच्या संघास शिकविण्याचें पत्करलें. प्रतिपक्षाच्या हातीं चेंडू जातांच आपण मुकाट्यानें अर्धें मैदान सोडून मागें कां यावें, हें त्यांस उमजेना. त्यांनीं मुलींस सबंध मैदानभर अडवणूक करावयास लाविलें, आणि बेताच्या वकुबाच्या त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या.

आमच्या पुतणीच्या संघानें हीच युक्ति उचलली. २०२० चा फेब्रुवारी होता. पुढील वर्ष दहावीचें, तेव्हां हा शेवटचा सामना, असें आमच्या बंधूंनीं बजावलें होतें. समोर कल्याणकडील मुली, प्रत्येक आमच्या मुलींहून वीतभर उंच. आमच्या मुली पहिल्यापासून त्यांच्या अंगाशीं भिडून राहिल्या. चेंडू आंत टाकावयासही त्यांनीं उसंत दिली नाहीं. अखेरीस गुण २६-२७, आणि पुतणीस दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला सरळ आंत. दुसरा कडीवर फिरून बाहेर पडला. आमच्या मैदानाची ती कडी डावीकडे किंचित् वाकलेली आहे; चेंडू कोणीकडे उडणार हें येथल्या पोरींस पाठ. सर्वांत ठेंगणी मुलगी आधींच तेथें उभी होती. तिनें तो वरच्यावर ढकलला: २९-२७. आमचे शिस्तप्रिय बंधु खुर्चीवर चढून ओरडत होते, हें वहिनींनीं नंतर पुष्कळांस सांगितलें.

मार्चांत टाळेबंदी आली, मैदानास कुलूप लागलें, आणि खेळ थांबवावा कीं काय हा घरांतील वाद निकालावांचूनच राहिला. कुलूप निघालें तेव्हां पुतणी अकरावींत गेली होती. रविवारीं सकाळीं ती आतां धाकट्या मुलींस तेथें अडवणुकीचे धडे देते, आणि सामना केव्हां आहे याची चौकशी आजी करतात. कडी अद्याप वाकलेलीच आहे. ती सरळ करून घ्यावी असें मध्यंतरीं कोणी सुचविलें. मुलींचा त्यास सक्त विरोध आहे.