एल्व्हा नदीची मोकळी झालेली वाट

चातुर्मासात दूरचा प्रवास टाळावा, ही आमच्या घरची रीत. परंतु गेल्या वर्षी कन्येच्या आग्रहास्तव आम्ही उभयता श्रावणातच सिएटलला पोहोचलो. पर्युषण पर्व आणि संवत्सरीची क्षमापना तेथील समाजबांधवांसह झाली आणि चार दिवसांनी सर्व कुटुंब ऑलिंपिक पर्वताकडे निघालो. डब्यात खाकरे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. पोर्ट अँजेलिस या बंदराच्या गावी बहुतेक उपाहारगृहांच्या पाटीवर सॅमन मासा असतो, हे जावयांनी आधीच सांगून ठेवले होते. गावात शिरताच त्याचा प्रत्यय आला.

आम्हाला पाहायची होती ती एल्व्हा नदी. ऑलिंपिकच्या बर्फातून निघून उत्तरेला हुआन दे फुका सामुद्रधुनीला मिळणारी ही नदी अवघी 72 किलोमीटर लांबीची. तिच्यावर 1913 साली एल्व्हा धरण आणि 1927 साली वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यन धरण उभे राहिले. वीज मिळाली, लाकडाच्या व कागदाच्या गिरण्या चालल्या, गाव वाढले. माशांसाठी मात्र वाट ठेवली गेली नाही. वास्तविक धरणात माशांना जाण्याची सोय असावी, असा वॉशिंग्टन राज्याचा कायदा 1890 पासून होता. त्याऐवजी धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र काढण्यात आले आणि 1922 मध्ये तेही बंद पडले.

सॅमनचे जीवन विलक्षण असते. नदीतल्या खडीत अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू समुद्रात जाते, तेथे काही वर्षे वाढते आणि जन्मस्थानाच्या पाण्याचा गंध ओळखून त्याच नदीत परत येते. गोड्या पाण्यात शिरल्यावर ते आहार थांबवते. प्रवाहाविरुद्ध चढत जाते, अंडी घालते आणि देह ठेवते. याला उपवास म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु नुकत्याच अठ्ठाई केलेल्या आमच्या सौभाग्यवतीने हे ऐकून नकळत हात जोडले. त्या मृत देहांवर अस्वले, गरुड, पाणमांजरे जगतात आणि समुद्रातील सत्त्व काठच्या वृक्षांच्या मुळांपर्यंत पोहोचते. धरणामुळे हा सारा व्यवहार समुद्रापासून आठ किलोमीटरवरच अडला. एके काळी वर्षाला सुमारे चार लाख मासे परतत असत, असा अंदाज आहे. पुढे ती संख्या काही हजारांवर आली. खडी-वाळू धरणामागे अडकल्याने खालच्या पात्रात अंडी घालण्याजोगी जागा उरली नाही आणि मुखाजवळचा किनाराही झिजत गेला.

मी अनेक वर्षे बँकेत प्रकल्प-कर्जांचे प्रस्ताव तपासले. यंत्रसामग्री, तारण, परतफेडीची क्षमता, सर्वांना रकाने असत. पाण्यात राहणाऱ्या जीवांचा रकाना आमच्या नमुन्यात नव्हता आणि तो असावा, असे मलाही कधी सुचले नाही. येथे त्या न मांडलेल्या देण्याची रक्कम शंभर वर्षांनी चुकवावी लागली. 1992 साली अमेरिकी संसदेने कायदा केला. 2000 साली सरकारने दोन्ही धरणे सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतली आणि एकूण खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलरवर गेला.

मॅडिसन फॉल्सपाशी गाडी ठेवावी लागते, कारण मोकळ्या झालेल्या नदीने पुढचा रस्ताच वाहून नेला आहे. आम्ही रमतगमत दोन तासांत ग्लाइन्स कॅन्यनला पोहोचलो. 210 फूट उंचीच्या धरणाचा केवळ सांडव्याचा भाग राखला आहे. त्यावर उभे राहिले की खाली अरुंद दरीत नदी गर्जत जाते आणि मागे, जेथे मिल्स सरोवर होते तेथे, कोवळे रान दिसते. राष्ट्रीय उद्यानाने आणि लोअर एल्व्हा क्लॅलम या आदिवासी समाजाने तेथे लाखो स्थानिक रोपे लावली. खालच्या पात्रात ओंडक्यांचे अडथळे रचून माशांना विसाव्याचे डोह करून दिले.

मला सर्वांत भावली ती एक गोष्ट. सप्टेंबर 2011 मध्ये धरणे उतरवण्यास आरंभ झाला, तेव्हा मासे स्थलांतर करतात त्या आठवड्यांत काम बंद ठेवले जाई, कारण सुटणाऱ्या गाळाने पाणी गढूळ होऊन त्यांचा श्वास कोंडला असता. जीवांना इजा नको म्हणून विहार थांबवणारे आपले साधू-साध्वी आठवल्यावाचून राहिले नाही. ऑगस्ट 2014 मध्ये शेवटचा भाग पडला आणि काही आठवड्यांतच चिनूक जातीचे मासे त्याच्या वरच्या अंगाला दिसले. सुमारे शंभर वर्षे त्यांचा एकही पूर्वज तेथे गेला नव्हता.

परतताना एका उथळ जागी आम्हाला दोन काळपट पाठी दिसल्या. एक मादी शेपटीने खडी उकरीत होती. आमची नऊ वर्षांची नात पाठशाळेत जीवांचे भेद शिकते. तिने "आजोबा, पंचेंद्रिय तिर्यंच, जलचर," असे हळूच सांगितले. मग तिने विचारले, "यांना परत आणलं ते पकडून खायलाच ना?"

मी गप्प झालो. प्रश्न खोटा नव्हता. क्लॅलम लोकांच्या जीवनाचा आधारच हा मासा. त्यांच्या परंपरेप्रमाणे मानवाची उत्पत्ती जेथे झाली तो खडक धरणाखाली बुडाला होता आणि 2012 साली पाणी ओसरल्यावर तो पुन्हा दिसला. नदी सावरावी म्हणून त्यांनी 2011 पासून तेथे जाळे टाकले नाही. 2023 साली कोहो जातीची मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. बारा वर्षांचा तो संयम मला मोठा वाटतो. त्याच्या शेवटी जाळे आहे, हे माझ्याने विसरवत नाही. आपल्या दृष्टीने ती हिंसाच. पण एका भिंतीने जन्माआधीच किती जीवांची वाट बंद केली, आणि त्या भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या गिरण्यांचा कागद हाती घेणाऱ्या कोणालाही पाप केल्यासारखे वाटले नाही, हेही तितकेच खरे.

नातीला मी एवढेच म्हणालो, "काही पकडले जातील, बाळ. काही वर पोहोचतील."

"ही पोहोचली," ती म्हणाली, आणि मादीला त्रास होऊ नये म्हणून आम्हा सर्वांना काठापासून मागे सारू लागली. सूर्यास्ताला तासभर उरला होता. गाडीपाशी येऊन आम्ही डबे उघडले.