शोलावरमची फियाट

‘सलून कार’ म्हटले की आमच्या धारवाडी कानांना केशकर्तनालयच आठवते. वास्तविक ती चारचौघांची घरगुती मोटार. तिच्या शर्यती आम्ही नोकरीच्या आरंभी, १९८० नंतर, मद्रासजवळच्या शोलावरम येथे पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धातील त्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवीत असे. पैसे भरून गाडीसाठी वर्षानुवर्षे ताटकळण्याचा तो काळ. साहजिकच धावत त्या फियाट, अँबॅसडर, हेरल्ड. म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या दारी दिसणाऱ्याच. वळणावर अंग टाकणारी फियाट पाहून आम्हांस आप्पांची गाडी आठवली. तेच १०८९ सी.सी.चे इंजिन!

घरी परतताच धारवाड-हुबळी रस्त्यावर आम्ही ती बेभान हाकली. उणकल तलावापाशी पाणी उकळले, इंजिन जाम झाले. आप्पा रागावले नाहीत. मात्र किल्ली आमच्या हाती पुन्हा आली ती त्यांच्या पश्चातच.

पुढे १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे खास शर्यतीचा मार्ग झाला, २००३ मध्ये कोइमतूरला करी मोटर स्पीडवे. राष्ट्रीय स्पर्धेच्या ‘इंडियन टूरिंग कार’ गटात मारुती एस्टीम गाजली. २०१० मध्ये फोक्सवॅगनने एकाच साच्याच्या पोलो गाड्यांची मालिका आरंभिली. त्यातून चालक तयार झाले, हे मान्य. परंतु कंपनीने सजवून दिलेल्या गाडीत घरची गाडी ओळखू येत नाही, ही आमची तक्रार. म्हातारपणाची म्हणा हवी तर.

आप्पांची फियाट अद्याप पडवीत आहे. रविवारी उणकलपर्यंत नेतो. काटा चाळिसाच्या पुढे जाऊ देत नाही.