नकली तुपाचा अस्सल डबा

पिवळाधमक रंग, पोटावर हिरवं ताडाचं झाड आणि ठसठशीत अक्षरांत नाव. बांधा गोल, झाकण घट्ट, स्वभाव सोशिक. डालड्याच्या डब्याला आमच्या घरांत तुपाचा मान कधीच मिळाला नाही. वरणभातावर पडायचं ते साजूक. त्याची जागा वरच्या फळीवर, झाकलेल्या भांड्यात, आणि ते वाढणारा हातही ठरलेला. डालडा खाली, ओट्याशी, तेलाच्या बरणीशेजारी. पाहुणे जेवायला आले की डबा पायानं हळूच आत सरकवला जायचा. अन्नाला पाय लावू नये हे आम्हाला शिकवणाऱ्या बायकाच हे करत, कारण डबा दिसला तर घराची पत जाते असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

दिवाळी जवळ आली की मात्र त्याच्यावाचून पान हलायचं नाही. शंकरपाळ्यांचं मोहन त्याचं, चिरोट्यांचं साटं त्याचं. नानकटाईसाठी मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीसमोर रांगेत उभं राहायचं, भट्टीतून भाजून निघालेली नानकटाई मोजून घ्यायची आणि ती भरून आणायलाही हाच, आधीच्या दिवाळीचा रिकामा डबा. चार दिवस सगळं घर त्याच्या जिवावर गोडधोड खायचं. भाऊबीज झाली की तो परत ओट्याखाली.

त्याचा जन्म मुंबईचा. लिव्हर कंपनीनं १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, शिवडीला कारखाना घातला, आणि १९३७ साली हे नाव बाजारात आलं. आधी डाडा नावाची डच कंपनी इकडे वनस्पती तूप आणत असे; त्या नावात लिव्हरचं ‘ल’ बसवलं आणि डालडा झालं, असं सांगतात. तेल तापवून, निकेलच्या सान्निध्यात त्यातून हायड्रोजन सोडला की ते थिजतं आणि तुपासारखं रवाळ दिसायला लागतं. रसायनशास्त्राला हे सोपं होतं. अवघड होतं ते घराघरांतल्या बायकांच्या गळी उतरवणं. त्यासाठी लिंटास या जाहिरात कंपनीनं सिनेमागृहात दाखवायची फिल्म केली, रस्त्यांवर चाखून बघायला तळलेले पदार्थ वाटले आणि डब्याच्याच आकाराची एक गाडी गावागावांतून फिरवली. म्हणजे तूप चुलीपर्यंत पोचण्याआधी डब्यानंच गल्लीतून मिरवून घेतलं होतं. पुढे काय होणार याची चुणूक तिथंच दिसायला हवी होती.

नकलीपणाचा शिक्का काही पुसला गेला नाही. गांधीजी वनस्पती तुपाच्या विरोधात होते. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. निदान रंग तरी घाला, म्हणजे खऱ्या तुपात मिसळलं तर कळेल, यावरही बराच खल झाला. पण तळणीत टिकेल आणि पोटाला बाधणार नाही असा रंग काही ठरेना. शेवटी तोडगा निघाला तो मोठा मासलेवाईक होता. प्रत्येक डब्यात थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं. संशयित तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुरॉल टाकून हलवायचं; तिळाचं तेल असेल तर मिश्रण लालगुलाबी होतं आणि भेसळ उघडी पडते. आपल्याविरुद्धचा साक्षीदार आपल्याच पोटात घेऊन हिंडायची वेळ त्याच्यावर आली. इतका अविश्वास गिळून बाजारात टिकलेला दुसरा माल मला तरी आठवत नाही.

तूप संपलं, डबा गरम पाण्यानं आणि राखेनं खळखळून धुतला, उन्हात पालथा घातला, की मात्र त्याच्यावरचे सगळे आरोप निकालात निघत. आता तो कुणाची नक्कल नव्हता. तो पत्रा होता, आणि पत्र्याला घरात किंमत होती. खालच्या मजल्यावरच्या बायका वरच्या मजल्यावर निरोप धाडून ठेवत, ‘वहिनी, डालड्याचा डबा रिकामा झाला की मला हं.’ तूप संपायच्या आतच त्याला अशी मागणी यायची.

चाळीच्या गॅलरीत कठड्याला तारेनं बांधलेल्या डब्यांची ओळ असे. एकात तुळस, एकात सदाफुली, एकात कोरफड, एकात सर्दीखोकल्यासाठी पानओवा. बुडाला खिळ्यानं भोकं पाडली की कुंडी तयार. वरच्या कडेला समोरासमोर दोन भोकं पाडून तार ओवली की बादली. गहू-तांदूळ मोजायचं मापटं तोच. पोरांचं तुणतुणं तोच. आणि सकाळी चाळीच्या टोकाला हातात धरून जायचं टमरेलही बहुधा तोच. देवाच्या तुळशीला आणि त्या टमरेलाला एकाच कुळातले डबे, याचा कोणाला विटाळ झाल्याचं ऐकलं नाही. जात पाळणाऱ्या घरांनीही डब्याची जात काढली नाही.

सगळ्यांत हुशारीचं रूपांतर म्हणजे भुशाची शेगडी. मोठ्या मापाचा डबा घ्यायचा. बुडाजवळ बाजूला एक भोक पाडायचं. डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोकातून एक काठी आडवी सरकवून बाटलीच्या बुडाला भिडवायची आणि भोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा मुठीनं ठासून भरायचा. चांगला दाबून. हात हलका पडला तर मध्येच ढासळतो आणि आमटी अर्धी कच्ची राहते. मग बाटली फिरवत फिरवत वर काढायची, काठी ओढून घ्यायची. उरतो तो भुशात कोरलेला उभा-आडवा बोगदा. खालून पेटतं चिटोरं सरकवलं की हवा खालून शिरते, धग वरून निघते, आणि भुसा आतून बाहेर असा निवांत जळत राहतो. घासलेट रेशनवर होतं, भुसा जवळजवळ फुकट. ही शेगडी भरणाऱ्या बाईला कोणी कारागीर म्हटलं नाही. मी म्हणते. हवा कुठून येईल, धग कुठं जाईल, भुसा किती, दाब किती हे तिला हातानं कळत होतं.

दिनकर केळकरांनी पुण्यात जमवलेले अडकित्ते, वज्ऱ्या, दिवे पाहताना आपण घडवणाऱ्याच्या हाताला दाद देतो. मोराच्या आकाराचा अडकित्ता आधी कारागिराच्या हातून गेला, मग घरात आला. डब्याचं उलटं. तो यंत्रातून एकसारख्या लाखो भावंडांबरोबर निघाला; माणसाचा हात त्याला लागला तो रिकामा झाल्यावर. कठड्यावरचे दोन डबे म्हणूनच कधी सारखे नसत. एकाची कड आत दुमडलेली, दुसऱ्याच्या कडीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळलेली, तिसऱ्यावर निळ्या ऑइलपेंटचा हात फिरवलेला, कारण खिडकी रंगवून थोडा रंग उरला होता.

त्याच्या प्रकृतीबद्दल थोडं सांगायला हवं. हा पत्रा निव्वळ कथिलाचा नसतो. पातळ पोलाद आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कथिलाचा अगदी झिरझिरीत मुलामा. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हईवाला जे लावायचा तेच हे कथील, फक्त कारखान्यात चढवलेलं. आपल्याकडे जमशेदपूरला गोलमुरीत टिनप्लेट कंपनी १९२० साली निघाली ती बर्मा ऑइलच्या भागीदारीत, आणि मुख्य गिऱ्हाईक होतं घासलेटचे डबे. जस्ताचा मुलामा असता तर चरा पडल्यावर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. कथील तसं दानशूर नाही. मुलामा अखंड आहे तोवर उत्तम. एकदा खरचटलं आणि ओल लागली की उलट लोखंडच आधी झिजायला लागतं. म्हणून तुळशीचा डबा बुडाकडून जायचा. बरोबर जिथं खिळा मारला होता, तिथून.

तोवर पोरांनी त्याला मागून घेतलेलं असे. डबा ऐसपैसमध्ये कोणीतरी तो लांब भिरकावायचा, ज्याच्यावर राज्य त्यानं धावत जाऊन आणायचा, रिंगणात ठेवायचा आणि मग लपलेल्यांना नावानिशी हुडकायचं. मागून येऊन कोणी डबा लाथेनं उडवला की पुन्हा पहिल्यापासून. त्या खेळात तूप, साजूक, नकली काही नव्हतं. आवाज तेवढा मोठा हवा. पोचे पडून पडून तो बसका झाला की भंगारवाला. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या, मग पिशव्या. त्यांचंही घरांनी काहीबाही केलं, पण प्लॅस्टिकवर शेगडी होत नाही. २००३ साली नावही विकलं गेलं, बंगी नावाच्या कंपनीला. थिजवलेल्या तेलातल्या ट्रान्स फॅटवर सरकारनं २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. तुपाची बाजू अशी हळूहळू पडत गेली.

आणि डबा महाग होत गेला.

मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गेलं की तो भेटतो. ग्रामोफोनचे कर्णे, बंद पडलेली घड्याळं, फिरकीचे टेलिफोन अशा खानदानी मंडळींत ऐटीत बसलेला असतो. मी एकदा उचलून पाहत होते, तर दुकानदार म्हणाला, ‘काकू, ओरिजनल आहे. गंज बघा ना!’ गंज हा दाखला झाला. ज्या गंजापायी आमच्या आया चिंचेचा कोळ आणि राख घेऊन तासन्‌तास घासत बसल्या, तो आता वरचे पैसे मिळवून देतो. जुन्या जाहिरातींच्या पाट्या हल्ली नव्या छापून, आम्लाचा हात फिरवून, जुन्या म्हणून खपवल्या जातात हे या नादातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. डबेही त्याच वाटेनं जायला कितीसा वेळ? नकली तुपाचा म्हणून ज्याला हिणवलं, त्याचीच नक्कल व्हावी, हा मान साजूक तुपाच्या भांड्याला काही मिळालेला नाही.

अस्सल ओळखायची माझी रीत साधी आहे. चित्र आधी सपाट पत्र्यावर छापतात, भट्टीत भाजून पक्कं करतात आणि मगच पत्रा वळवून डबा होतो. त्यामुळे जोडाच्या रेघेशी चित्र नीट संपलेलं असतं. रंग जोडावरून सलग वाहत गेला असेल तर कोणीतरी नंतर हात मारलाय. दुसरं, झाकणाच्या आतल्या कडेला नख लावून पाहावं. बाहेरून गंजलेला आणि आतून कोरा करकरीत, असा डबा संशयास्पद.

हौशी मंडळी त्याचे दिवे करतात, पेनं ठेवायला करतात, बसायचे स्टूलही करतात. त्यांना एक-दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. छापील बाजूला चिंच, लिंबू, तारेची घासणी लावू नका. गंजाबरोबर झाडही निघून जाईल. ओल्या फडक्यानं पुसा, लगेच कोरडा करा, वर मेणाचा हलका हात द्या. दिव्यासाठी नक्षीची भोकं पाडायची तर डबा पाण्यानं भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग खिळा ठोका. आत बर्फाचा आधार असला की पोचा पडत नाही. आमच्याकडे आत लाकडाचा ओंडका घालत, पण गोल डब्याला बर्फ जास्त चांगला बसतो हे मान्य करायला हवं. आणि जुन्या डब्यात खायचं काही ठेवू नका. तेव्हाच्या सांध्यांच्या डागात शिसं असे, रंगातही असण्याचा संभव.

भोकावरून मात्र जमवणाऱ्यांत दोन तट आहेत. भोक पाडलं की डबा बाद, असं एक तट म्हणतो. तो काचेच्या कपाटात ठेवावा, झाडाचं चित्र समोर येईल असा. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे अशी सबंध भिंत आहे. सुरेख दिसते, खोटं कशाला बोला. तरी तिथं उभं राहिल्यावर मला ते सगळे डबे पगार घेऊन बसून राहिलेल्या माणसांसारखे वाटले. ज्यानं आयुष्यभर पाणी वाहिलं, भुसा जाळला, लाथा खाल्ल्या, त्याला नुसतं बघायचं?

मी जुन्या बाजारातून आणलेल्या डब्याला बुडाशी पाच भोकं पाडली, आतून कडेनं डांबराचा हात दिला, तळाशी खापरं घातली आणि पानओव्याची फांदी खोचली. पुढच्या रविवारी त्या दुकानदाराला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. ‘काय केलंत काकू! आता त्याचे निम्मेसुद्धा येणार नाहीत.’ म्हटलं, पावसाळ्यात या, पानओव्याची भजी करते. तो म्हणाला, येतो, पण तेलात तळा.