माशांचा भोंगा

प्रत्येक घराला स्वतःचे असे काही आवाज असतात. कुकरची तिसरी शिट्टी झाली की दुसऱ्या खोलीतला माणूससुद्धा गॅस बंद करायला उठतो. पहाटे दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवली की तेवढ्या कुरकुरीने घरातली बाई जागी होते; पण समोरच्या कार्यालयातल्या वाजंत्रीने तिची झोप मोडत नाही. आवाज किती मोठा, यापेक्षा तो कोणासाठी आहे हे झोपेतसुद्धा माणसाला कळते, असे माझे जुने मत आहे. गेल्या वर्षभरात या मताची चांगलीच परीक्षा झाली. कारण आमच्या घरी आता भोंगा आहे. आणि तो माशांसाठी आहे!

मासे पाहावेत ते मुंबईला, मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात, अशी आमच्या लहानपणची समजूत. ते मत्स्यालय १९५१ साली सुरू झालेले. शाळेच्या सहलीत आम्ही तिथल्या काचांना नाके लावून उभे राहिलो होतो. मासा ही पाहून परत यायची वस्तू. घरी आणून ठेवायची नव्हे. पण आमच्या चिरंजीवांना ही समजूत मान्य नव्हती. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना त्यांनी पुण्यातल्या आमच्या तीन खोल्यांत तीन फुटी काचेची टाकी आणून ठेवली. पावणेदोनशे लिटर पाणी, तळाशी वाळू, थोड्या वनस्पती, दोन एंजल आणि आठ निऑन टेट्रा. निऑन म्हणजे बोटाच्या पेराएवढे मासे. अंगावर निळी रेघ आणि खाली लाल.

सौभाग्यवतीने पहिल्या दिवशी, "याचं पाणी कोण बदलणार?" असा व्यवहारी प्रश्न विचारला आणि विषय संपवला. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काहीच विचारले नाही. आपली खुर्ची उचलून त्यांनी टाकीसमोर नेऊन ठेवली, एवढेच. आई गेल्यापासून अण्णांची सकाळ मोठी झाली होती. वर्तमानपत्र संपले की दहा वाजेपर्यंत करायचे काय, हा प्रश्न त्यांनी कधी बोलून दाखवला नाही; पण तो आम्हाला दिसत असे. मासे आले आणि तो प्रश्न दिसेनासा झाला. चिमूटभर खाणे ते असे मोजून घालत, जणू रेल्वेचे मालपत्रकच तपासताहेत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सारी नोकरी झाली होती.

चिरंजीवांना मात्र मासे पाळण्यापेक्षा माशांवर यंत्र नेमण्यात जास्त रस. त्यांनी एक कंट्रोलर बनवला. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी सर्किटची पट्टी; तिला जोडलेला एक तापमापक पाण्यात बुडवलेला. पुण्याच्या थंडीत या उष्ण प्रदेशातल्या माशांना पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवावे लागते. पाणी गार झाले की कंट्रोलर हीटर चालू करणार, तापले की बंद करणार. आता एवढीशी पट्टी दोनशे वॅटचा हीटर कसा चालू करते, असे मी विचारले, तेव्हा रिले नावाची वस्तू मला समजली. साहेबाने नुसती मान हलवायची आणि जड दार शिपायाने उघडायचे, तसा हा प्रकार. कंट्रोलर हा साहेब, रिले हा शिपाई. काही बिनसलेच तर साहेब चिरंजीवांच्या मोबाइलवर निरोप धाडणार, अशीही व्यवस्था होती.

जानेवारीतल्या एका रात्री ते बिनसले. रिलेच्या आतले दोन धातूचे तुकडे ठिणगीने एकमेकांना चिकटून बसले. साहेबाने मान हलवली, पण शिपाई दार लावीना. हीटर रात्रभर चालू राहिला. कंट्रोलरने आपले कर्तव्य चोख बजावले; त्याने मोबाइलवर एकामागून एक सात निरोप पाठवले. मोबाइल मुका करून उशीजवळ ठेवलेला होता. सातही निरोप सकाळपर्यंत तिथे शहाण्यासारखे रांगेत उभे होते.

सकाळी सहाला अण्णा खुर्चीत येऊन बसले, तेव्हा पाणी साडेबत्तीस अंशांवर गेले होते. पाणी तापले की माशांची दुहेरी कोंडी होते. वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांना साडेसातच. आणि नेमके त्याच वेळी, अंगातली क्रिया वेगाने चालू लागल्यामुळे, माशाला प्राणवायू जास्त लागतो. सहा निऑन आणि एक एंजल गेले. अण्णांनी आम्हाला हाक मारली नाही. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी हीटरची पिन काढलेली होती, आणि ते जाळीने एकेक मासा उचलून वाटीत ठेवत होते. त्या दिवशी वर्तमानपत्राची घडी संध्याकाळपर्यंत मोडली गेली नाही.

दुसऱ्याच रविवारी चिरंजीव आणि मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने तिथे अशी खेटून उभी आहेत की एका दुकानातला गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा भाव ऐकू शकतो. आम्ही बारा व्होल्टचा सायरन, एक बॅटरी आणि नवे रिले घेतले. सायरनच्या खोक्यावर '११० डेसिबल' असे छापलेले होते. दुकानदाराने विचारले, "बंगल्याला लावायचाय का?" चिरंजीव म्हणाले, "नाही, फिशटँकला." दुकानदाराने पैसे मोजताना दोनदा आमच्याकडे पाहिले.

जोडणी कशी करायची यावरून घरात आजोबा-नातवाची पहिली तांत्रिक चर्चा झाली. चिरंजीवांचा बेत सरळ होता: संकट आले की कंट्रोलर रिलेला हुकूम देईल आणि सायरन वाजेल. अण्णा म्हणाले, "आणि तुझा कंट्रोलरच बंद पडला तर? हुकूम कोण देणार?" मग त्यांनी जुन्या हाताच्या सिग्नलची गोष्ट सांगितली. त्या सिग्नलचा हात तारेने ओढून खाली केला की गाडीला वाट मिळे. तार तुटली तर वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होई, म्हणजे 'थांबा'. मोडलेल्या यंत्राने नेहमी धोकाच दाखवला पाहिजे, 'सगळं ठीक' असे म्हणता कामा नये, हा रेल्वेचा धडा.

चिरंजीव थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी सगळी जोडणी उलटी केली. आता सगळे ठीक आहे तोवर कंट्रोलर रिलेला धरून ठेवतो. कंट्रोलर बंद पडला, त्याची तार निसटली, की रिले सुटतो आणि सायरन थेट बॅटरीवर वाजू लागतो. शिवाय पाणी बावीसच्या खाली किंवा एकोणतीसच्या वर गेले, टाकीखाली ओल आली, किंवा वीज दहा मिनिटांहून जास्त वेळ गेली, तरी तो वाजणार. दहा मिनिटांची सवलत सौभाग्यवतीच्या आग्रहावरून. वीज दोन मिनिटे गेली म्हणून साऱ्या बिल्डिंगने कशाला उठायचे? टाकी धुताना तापमापक बाहेर काढला तर आरडाओरडा नको, म्हणून अर्ध्या तासाच्या रजेचे एक बटणही आले. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट ज्याने लिहिली, त्याला भोंग्याचे मर्म पुरते कळले होते.

पहिली चाचणी भर दुपारी झाली. समोरचे दार उघडले, वरचे दार उघडले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी चपला न घालता जिना उतरून आले. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा २००० सालचा नियम त्यांनी आम्हाला ऐकवला. सगळी बिल्डिंग जागी झाली होती. एक माणूस सोडून. अण्णा आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते, आणि ते घोरतच राहिले!

आम्ही हसलो, पण ते हसू फार टिकले नाही. वय वाढते तसे कानाला आधी उंच पट्टीचे, किरटे आवाज ऐकू येईनासे होतात. बाजारातले बहुतेक सायरन नेमके त्याच पट्टीत किंचाळतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी झोपलेल्या माणसांवर प्रयोग केले, तेव्हा आगीची सूचना देणाऱ्या यंत्रांच्या तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या किरट्या आवाजापेक्षा ५२० हर्ट्झचा जाड आवाज मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना कितीतरी चांगला जागा करतो, असे आढळले. चिरंजीवांनी हे वाचून काढले आणि जाड आवाजाचा दुसरा भोंगा बनवला. तो जरा हळूच वाजतो, बिल्डिंगला त्रास देत नाही. पण अण्णा पहिल्याच हाकेला उठून बसले.

उठून बसल्यावर ते म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण ऐकल्यावर काय करायचं?" मग त्यांनी पानशेतची आठवण काढली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले तेव्हा ते दहा वर्षांचे होते आणि घर नदीजवळच्या पेठेत होते. एक सायकलवाला "पाणी आलं, पाणी आलं" असे ओरडत गल्लीतून गेला. "सगळ्यांनी ऐकलं रे," अण्णा म्हणाले. "पण कुणी देव उचलायला धावलं, कुणी धान्याचे डबे. आमच्या आईनं तेवढं आम्हा चौघांना हाताला धरलं." त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एक कागद लिहून टाकीच्या बाजूला चिकटवला: एक, बटण दाबून आवाज बंद करा. दोन, हीटरची पिन काढा. तीन, बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. चार, नातवाला उठवा.

जुलैत एका पावसाच्या रात्री, पावणेतीनला, वीज गेली आणि दहा मिनिटांनी भोंगा वाजला. मी बॅटरी शोधत बाहेर आलो तो आवाज थांबलेला होता. अंधारात टाकीतून बुडबुड्यांचा आवाज येत होता आणि अण्णा खुर्चीत बसले होते. पहिली तीन कलमे पार पडली होती. दारावर थाप पडली. समोरचे गृहस्थ लुंगीवर, हातात मेणबत्ती घेऊन उभे. चार वर्षांत त्यांची आमची ओळख जिन्यातल्या मानेपुरती होती. "भोंगा ऐकला. अण्णांना काही झालं नाही ना?" त्यांनी विचारले.

मासे वाचले. पण त्या शेजाऱ्याचा प्रश्न चिरंजीवांच्या मनात राहिला असावा. दोन दिवसांनी त्यांनी त्याच भोंग्याला जोडलेले दुसरे बटण अण्णांच्या पलंगाशी बसवले. अण्णा रागावले. "मी काय मासा आहे?" म्हणाले. पण त्यांनी ते काढायला लावले नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता अण्णा दोन्ही बटणांची चाचणी घेतात. आधी बिल्डिंगमध्ये सांगून येतात. सेक्रेटरी घड्याळ लावून घेतात. दुसऱ्या बटणावर चाचणीशिवाय अजून कोणी बोट ठेवलेले नाही, आणि ठेवण्याची वेळ न येवो. पण रात्री मला मध्येच जाग आली तर मी आताशा टाकीच्या बुडबुड्यांकडे कान देतो, आणि मग त्यापलीकडच्या घोरण्याकडे. दोन्ही नीट चालू असले, की पुन्हा झोप लागते.