वैनी, फुली कुठे आहे?



गेल्या दिवाळीच्या आधी एका दुपारी इचलकरंजीहून माझ्या नणंदेचा फोन आला. "वैनी, तुमच्या दुकानाचं दार उघडंना की हो. दहा मिनिटं झाली, एक पाटी आडवी आलीय. घालवायची कशी ती?"

दुकान म्हणजे माझ्या सूनबाईचं ऑनलाइन दुकान. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरातून सुरू झालेलं. सांडगे, पापड, चटण्या आणि दिवाळीला फराळ, सगळं कांदा-लसणाशिवाय. आमच्या गल्लीतल्या दोन बायका कामाला येतात. चव बघणं आणि हिशेब ठेवणं ही माझी कामं. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, ते शिक्षण आत्ता कुठे कामी येतंय!

नणंदेला नातीसाठी बंगळूरला फराळ पाठवायचा होता. साइट उघडली की लगेच पाटी, "१०% सूट मिळवा, मोबाइल नंबर टाका." तिच्या घरच्यांनी तिला बजावून ठेवलंय, अनोळखी ठिकाणी नंबर टाकला की बँकेतले पैसे जातात. त्यामुळे तिनं नंबर टाकला नाही, आणि पाटी बंद करायची फुली काही तिला सापडेना. शेवटी शेजारच्या बाईंकडून चकल्या घेऊन स्वतःच कुरियरला देऊन आली. सख्ख्या भावाच्या घरचं दुकान असताना! मला फार लागलं ते.

त्या संध्याकाळी मी माझ्याच फोनवर आमचं दुकान गिऱ्हाईक म्हणून उघडलं. चष्मा लावून, वही घेऊन बसले. पहिली खिडकी सुटीची. फुली होती, पण पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात, मोहरीएवढी. तिच्यावर बोट ठेवायला गेले की बोट भलतीकडेच लागायचं. ती कशीबशी घालवली तर दुसरी आली, फिरवायचं चक्र, जत्रेत असतं तसं. मग खाली कोपऱ्यात एक पट्टी, "आत्ता १२ जण हे बघत आहेत." चकलीच्या पानावर लाल अक्षरात "फक्त ३ पाकिटं शिल्लक!" आणि सूट नको म्हणायचं तर बटणावर काय लिहिलेलं? "नको, मला जास्त पैसे देणं परवडतं."

मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात आपण शिरतो तेव्हा जाणता माणूस काय करतो? "या ताई, बसा" म्हणतो, पाणी पुढे करतो आणि गप्प राहतो. आपण दोन-चार साड्या हाताळल्या की मग विचारतो, "लग्नाची बघताय का रोजची?" पायरीवरच आपला हात धरून "आधी नंबर लिहा" म्हणाला तर आपण आत जाऊ का? आणि काही न घेता निघालो म्हणून "परवडत नसेल" असं बोलला तर पुन्हा त्या रस्त्यानं तरी जाऊ का?

रात्री जेवणं झाल्यावर मी सूनबाईपुढे वही ठेवली. तिनं वाचली आणि तिचे डोळेच भरून आले. मला वाटलं होतं चिडेल. म्हणाली, "आई, पॅकिंगच्या मशीनचा हप्ता चालू आहे. जाहिरातीला पैसे घालून माणसं दुकानात आणते, त्यातली बहुतेक बघून निघून जातात. नंबर मिळाला तर पुढच्या सणाला निरोप तरी पाठवता येतो. नाही मिळाला तर पुन्हा जाहिरात, पुन्हा पैसे. साइट करणाऱ्या मुलानं सांगितलं, सगळे असंच करतात."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे आधी सांगते. गल्लीतलं दुकान असतं तर येणारी-जाणारी तोंडं ओळखीची झाली असती. इथे दारात कोण येऊन गेलं हेच कळत नाही. गिऱ्हाइकाला थांबवून एक शब्द बोलायची सोय म्हणजे ही खिडकी. ती काढूनच टाक असं मी म्हणत नव्हते. पण "फक्त ३ शिल्लक" वाचल्यावर मी उठून कपाट उघडलं होतं. चाळीस पाकिटं होती. ती म्हणाली, तो आकडा खरा नाहीच, तो आपोआप येतो.

मी तिला एवढंच विचारलं, "तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार पाठ केलेस ना गं पाठशाळेत? कूटलेखक्रिया म्हणजे काय?" खोटं लिहिणं, खोटा लेख करणं. कागदावर केलं काय आणि काचेवर केलं काय. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फोन उचलून तिनं तो आकडा तेवढा लगेच बंद केला.

सरकारनंही हे ओळखलंय बरं का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या अशा १३ युक्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं त्यात आहे, "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं आहे, पुन्हा पुन्हा तेच विचारून सतावणंही आहे. आमच्या चिमुकल्या दुकानात तिन्ही होत्या!

वाचताना आणखी एक गंमत कळली. वेगळी खिडकी उघडणारी पहिली पॉप-अप जाहिरात ज्यांच्या हातून लिहिली गेली, त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये लेख लिहून जगाची माफी मागितली. पूर्वीच्या त्या वेगळ्या खिडक्या ब्राउझर अडवायला लागले, म्हणून आताच्या खिडक्या त्याच पानावर पातळ पडद्यासारख्या पसरतात. गूगलनं जानेवारी २०१७ पासून सांगितलंय की, मोबाइलवर आल्या आल्या मजकूर झाकणारी पानं शोधात खाली जाऊ शकतात. म्हणजे आम्ही जाहिरातीला पैसे घालत होतो आणि फुकट येणारं गिऱ्हाईक स्वतःच मागे ढकलत होतो.

मग हिशेब. समजा फराळाचा डबा ६०० रुपयांचा. सामान, मजुरी, डबा, कुरियर जाऊन हातात राहतात १२० रुपये. १०% सूट म्हणजे ६० रुपये. गिऱ्हाईक म्हणेल दहाच टक्के, पण आपला नफा निम्मा गेला. तेवढेच पैसे मिळवायला आता एकाऐवजी दोन डबे विकायला हवेत. आणि ही सूट कुणाला मिळते? आल्या आल्या दाखवली तर घ्यायचंच ठरवून आलेल्यालाही मिळते. माझी नणंद पूर्ण किमतीनं घेणार होती! सूनबाईला हे आकडे पटले, धर्माच्या गोष्टीपेक्षा थोडे जास्तच पटले असं मला वाटतं. असो.

आठ दिवस आम्ही दोघी रोज रात्री बसलो. चक्र गेलं, "१२ जण" गेले. एकच खिडकी ठेवली आणि ती उघडल्या उघडल्या नाही. माणूस पान निम्म्यापर्यंत वाचत गेला तरच येते. ही सोय असते, मला माहीतच नव्हती. एकदा बंद केली की त्या माणसाला पंधरा दिवस पुन्हा दिसत नाही, ब्राउझर तेवढं लक्षात ठेवतो. फोनवर ती खालून निम्म्याहून कमी जागेत येते, मागची चकली दिसत राहते. फुली काळी आणि माझ्या अंगठ्याला लागेल एवढी. मापाला माझाच अंगठा घेतला, साठीच्या पुढच्या बाईला जमलं की सगळ्यांना जमेल. नंबर कशाला हवा ते एका ओळीत लिहिलं, वर्षात सणाचे चार निरोप, त्याहून जास्त नाही, नको झाल्यावर "नको" कळवा. आणि नकाराच्या बटणावर नुसतं "आत्ता नको".

आत काय लिहायचं यावर मात्र जुंपली. तिला सूट हवी होती, मला नको होती. मग निम्म्या लोकांना एक मजकूर आणि निम्म्यांना दुसरा अशी परीक्षा घ्यायची ठरलं. माझा मजकूर, "वसुबारसेआधी फराळ पोचायला हवा असेल तर कधीपर्यंत मागवायचा?" आणि खाली पुणे, मुंबई, बंगळूरच्या तारखा. आठवडाभरात माझ्या बाजूला चार ऑर्डरी जास्त पडल्या आणि मी फुशारले. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर, एवढ्याशा गिऱ्हाइकांत चार ऑर्डरी इकडच्या तिकडे कशानंही होतील. त्यावरून काही सिद्ध होत नाही. आम्ही तारखांचा मजकूर ठेवला तो एवढ्याचसाठी की त्यात आमचा नफा जात नव्हता.

एका बाबतीत मी साफ हरले. माणूस निघताना येणारी खिडकी मला अजिबात नको होती. जाणाऱ्याला अडवू नये असं माझं मत. संगणकावर बाण वरच्या कडेला, बंद करायच्या खुणेकडे सरकला की ती येते. फोनवर बाणच नाही, तिथे ती भरवशाची नाही. सूनबाई म्हणाली, "आई, विकायचं नाही, फक्त विचारायचं." तिनं एकच ओळ लिहिली, "हवं ते सापडलं नाही का? सांगाल का?" नंबर नाही, सूट नाही.

उत्तरं थोडी आली, पण वाचून मी डोक्याला हात लावला. "तळल्याची तारीख कुठे आहे?" "पीठ कधी दळलं?" "हिंगात मैदा आहे का?" "चिवड्यात आलं घालता का?" अगं बाई! सामान आणताना मी स्वतः जे चार प्रश्न विचारते, त्यातल्या एकाचंही उत्तर आमच्या पानावर नव्हतं. बायका किमतीमुळे जात नव्हत्या, मर्यादेची खात्री पटत नव्हती म्हणून जात होत्या. आता प्रत्येक पदार्थाखाली दळल्याची आणि तळल्याची तारीख असते, ती मी रोज सकाळी बदलते.

नंबरांची यादी पहिल्यापेक्षा सावकाश वाढते, सूनबाई अधूनमधून ते ऐकवते. मशीनचे अजून सात हप्ते आहेत. कामाच्या दोन्ही बायका आहेत, तिसरी ठेवायचा विचार या दिवाळीपुरता पुढे ढकललाय.

परवा नणंदेला मुद्दाम फोन करून साइट उघडायला लावली. मी इकडे श्वास रोखून. जरा वेळानं म्हणाली, "सापडली हो फुली. तारखा पण वाचल्या. दोन डबे लावते बंगळूरला. पण वैनी, या खेपेला चकलीत तीळ जरा जास्त घाला, मागं कमी होते."

मागच्या खेपेला तर तिनं आमच्याकडून घेतल्याच नव्हत्या. मी काही बोलले नाही, तीळ जास्त घातले.