जुन्या पिकअपचा सेल्फ निवडताना

काळी नदीवरील सुपा धरणाच्या कामामुळे आकाराला आलेल्या गणेशगुडीत जुन्या डिझेल पिकअपचा सेल्फ, म्हणजे बंद इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, निवडताना दुकानात जो मिळेल तो उचलणे परवडत नाही. न जुळणारा भाग बदलून आणायला दांडेली, प्रसंगी हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते आणि तोवर गाडी उतारावर उभी करून धक्क्यावर चालवावी लागते.

म्हणून पहिला प्रश्न जुना सेल्फ खरोखर निकामी झाला आहे का, हा असतो. चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला, तर सोलेनॉईडने, म्हणजे पिनियन हे लहान दातेरी चाक पुढे ढकलून मोटरचा जाड विद्युतमार्ग जोडणाऱ्या चुंबकीय स्विचने, आपले अर्धे काम केलेले असते. उरलेले अर्धे बॅटरी उतरल्यामुळे, आतले संपर्क जळाल्यामुळे किंवा अर्थची वायर गंजल्यामुळे अडलेले असू शकते, आणि येथल्या पावसाळ्यात या तिसऱ्या कारणाचा संशय आधी घ्यावा हे उत्तम. सेल्फ मारत असताना बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फच्या टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाब गळत असेल, तर दोष वायरीत किंवा जोडांत आहे आणि नव्या मोटरने तो जाणार नाही.

मोटर नुसती गरगरते पण इंजिन फिरत नाही, अशी तक्रार असल्यास बेंडिक्स, म्हणजे पिनियन व त्यामागचा एकाच दिशेने पकडणारा क्लच, तपासावा. खरखर ऐकू येत असल्यास फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवरील रिंगचे दात पाहावेत. चार सिलिंडरांचे इंजिन बंद होताना दर अर्ध्या फेऱ्याला येणाऱ्या दाबामुळे बहुधा परस्परांसमोरच्या दोन जागांपैकी एकीवर थांबते आणि पिनियन दर वेळी तेथेच आदळत असल्याने रिंग त्या दोन ठिकाणी अधिक झिजते. अशा रिंगवर नवा सेल्फ बसवणे म्हणजे त्याच्या पिनियनचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे होय.

चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, त्यानंतर मूळ तत्त्व फारसे बदलले नाही. बदलली ती बांधणी. जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये तांब्याच्या फील्ड कॉईल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी, असतात आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पिनियनला थेट फिरवतो. नव्या पद्धतीत लहान व वेगवान मोटरचा वेग गिअरने कमी करून जोर वाढवला जातो, त्यामुळे वजन घटते आणि थकलेल्या बॅटरीवरचा भारही हलका होतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेली हवा तापूनच इंधन पेटते, त्यामुळे इंजिन पुरेशा वेगाने फिरणे अत्यावश्यक असते, आणि या कसोटीवर गिअरचा सेल्फ निःसंशय सरस ठरतो. तरीही गणेशगुडीसारख्या ठिकाणी कॉईलच्या जुन्या सेल्फची बाजू सहज सोडू नये: कार्बन (आर्मेचरला वीज पोहोचवणारे घासते तुकडे), बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) आणि बेंडिक्स बदलून तो जवळपासच्या कारागिराकडून पुन्हा उभा राहतो, तर कॉईलऐवजी कायम चुंबक असलेल्या नव्या सेल्फवर पान्याने ठोकण्याची सवय चालवली, की ठिसूळ चुंबक तडकतात आणि दुरुस्तीला वाव उरत नाही. आर्मेचर जळालेले असेल किंवा नाकाडाला, म्हणजे पिनियनकडच्या पुढच्या कवचाला, भेग गेली असेल, तेव्हाच नव्याचा विचार करावा.

नवा घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षागणिक इंजिने बदललेली असतात. जुना सेल्फ सोबत नेऊन त्यावरचा भाग क्रमांक, 12 व्होल्टचा शिक्का, किलोवॅटमधील शक्ती, पिनियनचे दात, फिरण्याची दिशा आणि बोल्टच्या भोकांतील अंतर पडताळावे. बसवण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी आणि सेल्फ जेथे इंजिनाला टेकतो तो पृष्ठभाग गंज व रंग खरवडून लखलखीत करावा, कारण बहुतेक सेल्फना परतीचा विद्युतमार्ग त्याच धातूतून मिळतो.