शेजारच्या काकूंचे एसएमएस

आईला गुलमंडीजवळच्या घरात एकटी ठेवून मी पुण्यात इतकी वर्षं निर्धास्त नोकरी करू शकले, ती शेजारच्या काकूंच्या जिवावर.

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण, पण शहरात नळ येतो तो कित्येक दिवसांनी, आणि आला की माणूस घरात हवं. मोटर लावा, हौद भरा, पिंपं भरा. आईचे गुडघे गेलेले. काकू स्वतःचं पाणी भरून आमच्याकडे यायच्या, आमचा हौद भरायच्या आणि मला एसएमएस करायच्या: ‘नळ आला. आईची टाकी भरली. गुडघा बरा.’ तीन वाक्यांत माझा आठवडा सुखाचा व्हायचा.

काकूंचे यजमान तार ऑफिसात होते. तारेत शब्दाला पैसे पडायचे, हे त्या घरात मुरलेलं. देवनागरी एसएमएसलाही तसाच काटकसरी हात लागतो. एका संदेशात १४० बाइट मावतात. त्यात रोमन अक्षरं १६० बसतात आणि देवनागरी चिन्हं जेमतेम ७०. त्यातही काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, ‘क्ष’सारखं जोडाक्षर तर एकटंच तीन जागा खातं. आमच्या पिढीने यावर उपाय म्हणून मराठी रोमन लिपीत लिहायला घेतली. काकूंनी लिपी सोडली नाही, शब्द कमी केले. सणांच्या दिवशी कंपन्यांचे स्वस्त एसएमएस पॅक चालत नसत, पूर्ण दर लागायचा. म्हणून काकूंच्या दिवाळीच्या शुभेच्छा नेहमी एक दिवस आधी यायच्या.

पुढे घरात व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि त्याचेही माझ्यावर उपकार आहेतच. आईच्या औषधांच्या चिठ्ठीचा फोटो, भाचीच्या बारशाचा व्हिडिओ, मावसबहिणींचे लांबलचक आवाजी संदेश, हे सगळं ७० चिन्हांत कुठून येणार? २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही. एसएमएसला असं कुलूप नाही. तरी काकू साध्या बटणांच्या फोनवरच राहिल्या. “मला एकालाच सांगायचं असतं गं,” म्हणायच्या.

११ मे २०१८ च्या रात्री जुन्या शहरात दंगल पेटली. मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज, म्हणजे आमच्या घरापासून पायी जाण्याच्या वाटा. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून ठिणगी पडल्याच्या बातम्या होत्या. पाणी या शहरात किती हळवं दुखणं आहे, ते त्यावरून कळावं. दुकानं जळाली, दोघांचे जीव गेले. मोबाइल इंटरनेट बंद झालं. शहरातल्या नातेवाइकांना पाठवलेल्या माझ्या प्रत्येक संदेशापुढे एकच टिक. घरच्या ग्रुपवर बोलत होते ते सगळे मुंबई-नागपूरचे, आणि ते ढकलत होते ते व्हिडिओ कधीचे, कुठले, कुणालाच ठाऊक नव्हतं. आई रात्री फोन बंद करून झोपते. त्या व्हिडिओंमधल्या प्रत्येक गल्लीत मी आमचं दार शोधत होते.

तेवढ्यात काकूंचा एसएमएस आला. ‘आई आमच्याकडे झोपली. दार लावलंय. जेवली. काळजी नको.’

तो पोचला कसा, हे मी नंतर समजून घेतलं. फोन आणि टॉवर एकमेकांची हालहवाल घेण्यासाठी जी संकेतांची अरुंद वाट सतत उघडी ठेवतात, तिच्यावरूनच एसएमएस जातो. त्याला इंटरनेट लागत नाही. समोरचा फोन बंद असेल तर कंपनीच्या केंद्रात तो वाट बघतो आणि फोन सुरू झाला की पोचता होतो. पण वाट उघडी असणं निराळं आणि बाहेर जाळपोळ चाललेली असताना म्हाताऱ्या शेजारणीला हाताला धरून आपल्या घरात आणणं निराळं. ते काकूंनी केलं. आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिलं, ऐकीव एक शब्द नाही. त्या रात्री माझ्या फोनवर आलेल्या शेकडो संदेशांत खरी माहिती मला त्या एकातच मिळाली.

आई आता माझ्याकडे पुण्यात असते. काकूंचा फोन तोच. मध्यंतरी नंबर चालू ठेवायचा तर नको असलेल्या इंटरनेटचेही पैसे भरावे लागायचे, आणि त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने कंपन्यांना फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा वेगळा पॅक देणं बंधनकारक केलं. असा पॅक बाजारात आल्याचं कळताच मी काकूंच्या नंबरवर लांब मुदतीचा रिचार्ज मारला. जन्मभराच्या देण्यापुढे ही रक्कम काहीच नाही, पण माझ्या हातात तेवढंच होतं.

संध्याकाळी एसएमएस आला: ‘पैसे का भरलेस? येशील तेव्हा घेऊन जा. आईला आण.’